७२ तास

आज हिंजवडीत नाइट शिफ्ट सुटल्यावर टपरीवर एचआयव्हीबद्दल मुलाखती घेतल्या. लातूरकडचा एक मुलगा, तेविशीतला. रात्रभर अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांशी फाडफाड इंग्रजी बोलतो, पण 'कंडोम' शब्द तोंडातून फुटेना. चहाचा ग्लास नुसता फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, ॲपवरच्या त्या भेटीला दोन महिने झाले. झोप नाही. तपासणी केली तर घरी कळवतात का?"

नाही रे. सरकारी केंद्रात तपासणी मोफत होते, आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ती माहिती गुप्त ठेवावीच लागते. असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांत औषधं सुरू केली तर संसर्ग टळू शकतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेत या विषयाचा धडा "घरी वाचा" म्हणून सोडलेला! फार तुटलं आत.

उद्या त्याच्यासोबत केंद्रावर जातेय.