सकाळची गोळी, दुपारचा मेसेज

"बाळा, सकाळची गोळी आता दुपारी घ्यायची का?"

आज पावणेतीनला एका आजींचा फोन. गोळीची आठवण करून देणारा आमचा मेसेज सकाळी ९ ऐवजी दुपारी २:३० ला पोचला होता. चष्मा लावून दोनदा वाचला म्हणाल्या.

चूक माझीच. नवा सर्व्हर लावताना ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सेलरी या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये टाइमझोन लिहायचा राहिला. तो नसला की सेलरी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरते, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. मेसेज पाठवायचा जॉब नीट चालला होता, लॉगमध्ये एकही एरर नाही. 'एशिया/कोलकाता' ही एक ओळ घातली, झालं.

आजींनी विचारलं म्हणून कळलं तरी. ज्यांनी न विचारता सकाळची गोळी दुसऱ्यांदा घेतली असेल, त्यांचं काय? संध्याकाळपासून एकेकाला फोन लावतोय.