आमची वाटचाल : एकसष्टचा आकडा आणि तीनशे वस्तरे

दुकानात शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर एक कागद फ्रेम करून लावलाय. वर प्रयोगशाळेचा शिक्का, खाली सही, मधे पोलादाच्या कडकपणाचे तीन आकडे : ६१, ६१, ६०.५. नवी गिऱ्हाइकं त्याला आमचं प्रमाणपत्र समजतात. त्याच कागदावर विसंबून आम्ही बुडता बुडता वाचलो.

आजोबांनी कोल्हापुरात पायचाकावर धार लावायला सुरुवात केली. कात्र्या, अडकित्ते, विळ्या आणि नाभिक मंडळींचे वस्तरे. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, चाकाला मोटर बसवली, पण वस्तरा कधी मोटरीला दाखवला नाही. तो निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, हातानंच. नव्वदच्या दशकात एड्सच्या भीतीनं सलूनमध्ये अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा आला. दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड. आरोग्याच्या दृष्टीनं बरंच झालं, त्यावर माझा वाद नाही. पण आमच्याकडं येणाऱ्या नाभिकांच्या धोकट्या, हत्यारांच्या पिशव्या, बंद झाल्या त्या झाल्याच. पुढची वीस वर्षं पार्लरच्या कात्र्यांवर गेली. पोट भरलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

त्या वीस वर्षांत वस्तरा घेऊन येणारा एकच माणूस उरला होता. गंगावेशीतले मामा. नात्यानं कुणी नाहीत, पण अण्णा त्यांना मामा म्हणायचे म्हणून मीही. त्यांचा वस्तरा सोलिंगेनचा, जर्मनीतला. त्या गावाचं नाव पात्यावर कुणी घालायचं याला १९३८ पासून कायदा आहे, इतका त्या नावाला भाव. मामांच्या हातात आला तेव्हा पातं सात सूत रुंद होतं, पाऊण इंचाच्याही वर. आता जेमतेम चार सूत उरलंय. पण पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कडही पात्याबरोबर सारखी झिजलेली, एक मिलिमीटर इकडचं तिकडं नाही. असा झिजलेला वस्तरा बघितला की हात कळतो. सलूनमध्ये मामा ब्लेडच वापरायचे, पण स्वतःची दाढी या वस्तऱ्यानं. चार-सहा महिन्यांनी यायचे, बाकावर बसायचे आणि म्हणायचे, "लई नको घासू. नुसता जागा कर."

२०१२-१३ च्या सुमारास पुण्याकडची, बेंगळुरूची हौशी पोरं यायला लागली. कुणाला आजोबांच्या पेटीत वस्तरा सापडलेला, कुणी परदेशातून मागवलेला. त्यातला एक म्हणाला, "काका, तुम्ही स्वतः का नाही बनवत?" माणसानं असं काही मनावर घेऊ नये. मी घेतलं.

पोलाद घेतलं ईएन ३१. बेअरिंगचं पोलाद, शिरोली एमआयडीसीत कुणालाही ठाऊक. एक टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम, दाणा बारीक. ८३० अंशांच्या आसपास ताव देऊन पाणी द्यायचं, म्हणजे एकदम थंड करून कडक करायचं. म्हणायचं पाणी, द्यायचं तेलात. तेलातून निघालेलं पातं रॉकवेल या कडकपणाच्या मापात ६४-६५ भरतं आणि काचेसारखं असतं, फरशीवर पडलं तर दोन तुकडे. मग १८० अंशांवर दोन तास ठेवून त्याचा माज उतरवायचा. ६१ वर आणायचं. अण्णा अजून होते तेव्हा. त्यांना रॉकवेल कळायचं नाही. ते चिपळूणकडची नवी कानस घेऊन पात्याच्या शेपटीवर, म्हणजे मुठीकडच्या टोकावर, हलकेच ओढायचे. घसरली की मान डोलवायचे, धरली की पातं बाजूला टाकायचे. पहिले चाळीस वस्तरे त्या कानशीवर पास झाले. सगळे विकले गेले, एकही परत आला नाही.

मग हाव सुटली. पतसंस्थेचं तीन लाखांचं कर्ज काढलं आणि तीनशेचा लॉट टाकला. पाणी आमच्या नेहमीच्या भट्टीवाल्याकडं. पण पात्याला दोन्ही बाजूंनी खोलगट घासायचं काम आमच्या एका चाकावर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून ते बाहेरच्या एका गावातल्या ग्राइंडिंगवाल्याला दिलं. नाव घेत नाही. २०१६ च्या दिवाळीआधी माल आला. आरशासारखं पॉलिश. शेपटीवर कडकपणा तपासून घेतला, तोच भिंतीवरचा कागद. ६१, ६१, ६०.५. मी पेढे वाटले.

पहिला वस्तरा मामांना दिला. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, नाभिक मंडळींचा सगळा व्यवहार रोखीचा, त्यामुळं विक्री थंडच होती. त्यात एक दिवस मामा आले, बाकावर बसले नाहीत. वस्तरा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "पोरा, ह्यो एका गालापुरता हाय."

मी धार बघितली. केस उडत नव्हता. निसण्यावर घेतला, चामोटीवर, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर, वीस हात मारले, केस उडाला. तिथंच त्यांच्या उजव्या गालावर साबण लावून दाढी केली. डाव्या गालाला येईपर्यंत ओढायला लागला. भिंगाखाली धरला तर कड एका बाजूला वळलेली, पापडाच्या कडेसारखी. चामोटीनं सरळ व्हायची, चार केस कापले की पुन्हा आडवी. पातं जास्त कडक असतं तर बारीक दाते पडले असते. ही कड वळत होती. म्हणजे मऊ. पण कागद म्हणत होता एकसष्ट.

अण्णांनी काही न बोलता कानस काढली. शेपटीवर ओढली, घसरली. पाठीवर ओढली, घसरली. मग म्हणाले, हा एक वाया घालवू. धारेवर ओढली तर कानशीनं लोण्यात शिरावं तशी धरली.

तेव्हा कळलं ते सांगतो, कारण धंद्यात असलेल्यांनाही हे लक्षात राहत नाही. रॉकवेलच्या मशीनमध्ये हिऱ्याचं टोक दीडशे किलोच्या भारानं दाबतात आणि किती आत गेलं ते मोजतात. साठच्या आसपासच्या पोलादात ते सुमारे ०.०८ मिलिमीटर आत जातं, आणि खाली त्याच्या दसपट तरी जाडी लागते. वस्तऱ्याच्या धारेजवळ पातं कागदाएवढं. तिथं तपासणी होऊच शकत नाही. म्हणून शेपटीवर करतात. आणि शेपटीनं कुणी दाढी करत नाही.

ग्राइंडिंगवाल्यानं पाणी न सोडता, कोरड्या पट्ट्यावर पाती घासली होती. जाड पाठ उष्णता पिऊन टाकते, पातळ कड क्षणात तीनशे अंशांच्या वर जाते. पोलाद निळं पडतं, दिलेलं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. निळा रंग राहिला असता तर आंधळ्यालाही दिसला असता. त्यानं तो पॉलिशनं घालवला. मी गेलो तर चहा पाजला आणि माझाच कागद माझ्यासमोर धरला. "रिपोर्ट ओके आहे की साहेब." आजही आठवलं की हात शिवशिवतात.

त्याच दिवसांत बाजारात दुसरा एक विक्रेता उतरला. बाहेरचा माल, पात्यावर लेसरनं '६५ एचआरसी', म्हणजे ६५ रॉकवेल, कोरलेलं. आमचे वस्तरे परत यायला लागले तसं त्यानं सांगत फिरायला सुरुवात केली, त्यांच्या पात्याला पाणीच नाही. आमच्यापेक्षा चार आकडे जास्त म्हणजे माल चार पट चांगला, असंच लोकांना वाटलं. पुढं त्याच्या गिऱ्हाइकानंच एक वस्तरा धारेला आणून दिला. परवानगी घेऊन शेपटीवर तपासला. ५६ भरला. हे मी कुठं बोललो नाही. आज बोलतोय.

तीनशेपैकी विकलेले एकशे दहा, सगळ्यांचे पैसे परत केले. बायकोच्या पाटल्या गेल्या. मग अण्णा आणि मी मिळून एकेक पातं वाचवायला बसलो. जळलेली कड दोन मिलिमीटर काढून टाकायची. ऐकायला सोपं वाटतं. वस्तरा निसण्यावर आडवा ठेवतो तेव्हा पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात, म्हणजे धारेचा कोन पाठीच्या जाडीवर आणि पात्याच्या रुंदीवर ठरतो. पाठ ५ मिलिमीटर, रुंदी १८, तर कोन १६ अंश. रुंदी १६ केली की कोन झाला १८ अंश, दाढीला बोजड. म्हणजे पाठही हातानं उतरवायची. दिवसाला तीन व्हायचे. पावणेदोनशे वाचले, बाकीचे भंगारात. मामा रोज दुपारी येऊन बसायचे आणि तयार झालेला वस्तरा स्वतःच्या दाढीवर बघायचे. रोज तीन वस्तरे लावण्याइतकी दाढी कुणालाच येत नाही. मग ते पोराला, पुतण्याला, गल्लीतल्या रिक्षावाल्याला धरून आणायचे. एक पैसा घेतला नाही.

कर्ज फिटायला चार वर्षं लागली. २०१९ चा पूर मधे येऊन गेला, तो काय आमच्या एकट्याच्या दारात आला नाही. २०२० मध्ये सलूनं बंद पडली, उघडली तरी आधी दाढीला परवानगी नव्हती, तेव्हा घरी वस्तरा धरणारे वाढले. अर्धे फोन एकाच प्रश्नाचे : तुमचा रॉकवेल किती?

म्हणून न विचारता सांगतो. आकडा विचारू नका, किंवा विचारलात तर कुठं तपासला ते विचारा. ६० ते ६२ मधलं पातं घ्या. त्याखाली कड वळते, रोज चामोटी मागते. फार वर गेलात तर धार टिकते खरी, पण निसण्यावर तासभर घाम काढते आणि हात जरा चुकला की टवका उडतो. डाय बनवायच्या डी-२ पोलादाचे वस्तरे कुणी देत असेल तर नमस्कार करा आणि पुढं चला. त्यात क्रोमियमचे जाड, कडक दाणे असतात, साधा नैसर्गिक दगड ते कापत नाही. भोवतीचं पोलाद झिजतं, दाणा निखळतो आणि धारेला खड्डा राहतो. मऊ पात्याला दगडावर हात हलका आणि शेवटी मोजकेच फेरे, नाहीतर कडेला तार, म्हणजे पोलादाची बारीक लोंबती कड, येते. कडक पात्याला फेरे जास्त, पण वजन तेवढंच. दाबून वेळ वाचत नाही. चामोटीवर पाठ पुढं, धार मागं, आणि वळवताना पाठीवरून. धारेवरून वळवलात तर चामोटीही गेली आणि वस्तराही.

दाढी गरम पाण्यानं भिजवायचा आळस करू नका. अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की पोलादापेक्षा पन्नासएक पट मऊ असलेला केसही धारेचा टवका काढतो. केस वाकला आणि धारेत मऊ-कडक जागा शेजारी शेजारी असल्या की तिथं. भाच्यानं ते मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा मामा समोर होते. म्हणाले, "म्हंजे पोलाद सगळीकडं सारखं पायजे. हे सांगाय अमेरिका कशाला?"

आता वर्षाला साठ वस्तरे करतो, त्यावर नाही. घासायचं काम आमच्याच चाकावर, पाण्याच्या धारेखाली, आणि पातं उघड्या बोटांनी धरायचं. बोटाला चटका बसला की थांबायचं. लॉटमधला एक वस्तरा फोडून धारेजवळ कानस लावतो, तो वाया जातो, त्याची किंमत बाकीच्यांत धरलेली असते. गिऱ्हाइकाला महाग वाटतं.

अण्णा गेले. मामांचे हात आता कापतात, दाढी त्यांचा मुलगा करतो, ब्लेडनं. सोलिंगेनचा वस्तरा तरी तोच मुलगा सहा महिन्यांनी घेऊन येतो. वापरलेला नसतो, धार गेलेली नसते. मी चामोटीवर दहा हात मारतो, खोबरेल तेलाचं बोट फिरवतो आणि फडक्यात गुंडाळून परत देतो. मामा घरी विचारतात म्हणे, लई घासला नाही ना.