जळालं नव्हतं

रविवार, रात्र

आज पुन्हा त्या एका शब्दापाशी अडकले. ‘जळालं’. जपानी संगीतकार अकिरा इफुकुबेंची पियानो आणि वाद्यवृंदासाठीची 1941ची रचना हवाई हल्ल्यात गेली, असंच सगळे धरून चालले होते. मग 1997 साली जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेच्या संग्रहात वादकांची सुटी पानं सापडली. 1942च्या पहिल्या प्रयोगापासून मोजली तर 55 वर्षं. कुणी लपवली नव्हती. फक्त कुणी मागितली नव्हती.

हेच सलतं. तोवर इफुकुबेंनी त्यातलं संगीत ‘सिन्फोनिया ताप्कारा’ आणि ‘रित्मिका ओस्तिनाता’ या नंतरच्या रचनांत ओतलंही होतं. एकदा रडून मोकळं झाल्यावर परत आलेल्या वस्तूचं काय करायचं?

अशा पानांचं मूळ शोधताना आधी वाद्यवृंदाचा शिक्का बघतात; एकाच वृंदाची नावं बदलत गेली. शिन कोक्यो गाकुदान असेल तर 1926 ते 1942, निहोन कोक्यो असेल तर 1951पर्यंत, त्यानंतर एनएचके सिंफनी. पण शिक्का संग्रह सांभाळणाऱ्याच्या टेबलावर बसतो, संगीतकाराच्या नाही. जुन्या पानावर नवा शिक्का सहज पडतो. म्हणून अक्षर बघायचं. शीर्षक उजवीकडून डावीकडे असेल, ‘गाकु’ (संगीत) या अक्षराचं जुनं, जास्त रेघांचं रूप असेल, तर पान बहुधा 1940च्या दशकातल्या, युद्धानंतरच्या लिपीसुधारणांआधीचं. तेही एकट्यानं पुरत नाही, हाताची सवय कायद्यानं सुटत नाही. वर्ष शोवा, म्हणजे तेव्हाच्या सम्राटाच्या कारकिर्दीचं, असेल तर 1925 मिळवायचे. 2600च्या आसपासचा आकडा असेल तर तो जपानचा जुना शाही शक, त्यातून 660 वजा.

मग जुळवाजुळव. व्हायोलिनची पानं दोन वादकांमागे एक, म्हणून एखादी प्रत गेली तरी चालतं. दुसऱ्या बसूनचं (खर्जातलं फुंकवाद्य) पान एकच असतं. ते गेलं की तो आवाज गेला. चुका बहुतेक लांब विश्रांतीच्या मोजणीत होतात: नकलणाऱ्यानं 17च्या जागी 16 बार (तालाची घरं) लिहिले की पुढचं सगळं एका बारनं सरकतं. त्यामुळे सरावाच्या खुणांपासून खुणांपर्यंत प्रत्येक पानाचे बार मोजायचे. हॉर्न आणि क्लॅरिनेटचे सूर लिहिलेले एक आणि वाजतात दुसरे, म्हणून ते वाजणाऱ्या सुरात उतरवून मगच एकाखाली एक जुळवायचे, नाहीतर खरी चूक कुठली आणि मुद्दाम ठेवलेला कर्कशपणा कुठला, ते कळत नाही. आणि विश्रांतीनंतर वादकाला आत येता यावं म्हणून शेजाऱ्याचे सूर बारीक टिपलेले असतात, ते सोडायचे नाहीत. हरवलेल्या पानाचे चार-सहा बार तिथून परत मिळतात.

इतकं करूनही हाती येतं ते वाजवलेलं. लिहिलेलं नाही.

पानं समोर आली तेव्हा इफुकुबे ऐंशी ओलांडलेले होते. त्या क्षणी त्यांना... जाऊ दे.

पण जळालं असं वाटलं नसतं, तर 1961ला ‘रित्मिका’ झाली असती का? संध्याकाळपासून घोळतोय हा प्रश्न, आणि आता तो तितका बोचत नाही. कदाचित दोन्ही रचना असायला ते 55 वर्षांचं नसणं लागलंच असेल.

उद्या उलट्या क्रमानं ऐकणार नाही. आधी 1941, मग ‘ताप्कारा’, मग ‘रित्मिका’.