लेकराची भूक
आज सांगलीहून साताऱ्याला येताना, कराड सुटलं आणि बाळ भुकेनं कळवळलं. साडेचार महिन्यांचं, अंगावरच्या दुधाशिवाय काहीच घेत नाही. खिडकीकडे वळून एसटीतच पाजायला घेतलं. मागून एक काका म्हणाले, "स्टँड येईपर्यंत थांबायचं की!"

बाळाच्या कपाळावर घाम, इवलीशी मूठ माझ्या मंगळसूत्रात अडकलेली. कशी थांबू?

शेजारच्या आजींनी ऊन लागू नये म्हणून पदर आडवा धरला आणि म्हणाल्या, "लेकराची भूक स्टँड बघून लागत न्हाई, दादा."

स्टँडवर बाळाला पाजायच्या खोल्या, म्हणजे हिरकणी कक्ष, हवेतच, पण सोय म्हणून. सक्ती म्हणून नाही. सार्वजनिक ठिकाणी पाजणं लांच्छन ठरू नये, असं सर्वोच्च न्यायालयानंही २०२५ मध्ये सांगितलंय.

उंब्रजला बाळ झोपलं. मूठ तशीच होती.