आधी पत्रा, मग आवाज: गाडीच्या डॅम्पिंगबद्दल

दरवाजाच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करून बघा. बहुतेक छोट्या हॅचबॅकमध्ये पत्र्याच्या डब्यासारखा लांबत जाणारा आवाज येतो. पत्र्याचा हा कंप मारणं, एवढंच डॅम्पिंग शीटचं काम. टायरची घरघर, दाराच्या फटीतून येणारी वाऱ्याची शीळ आणि छतातून उतरणारं ऊन ही वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. एकाच शीटने सगळं थांबेल असं सांगून अख्खी गाडी मढवून देणारे भेटतात. तसं करू नका.

शीट ब्युटाइल रबराची, वर ॲल्युमिनियमची फॉइल असलेली, 2 मिमी जाडीची घ्यावी. स्वस्त डांबरी शीट आपल्या उन्हात मऊ पडते, वास सोडते आणि छतावरून सुटून खालच्या लायनिंगवर (छताच्या आतल्या अस्तरावर) पडते. पत्रा थरथरला की फॉइल आणि पत्रा यांच्यामधलं रबर ताणलं जातं आणि कंपाची शक्ती तिथेच जिरते. म्हणूनच मोकळ्या पत्र्याचा मधला 25 ते 30 टक्के भाग झाकला तरी बराचसा फायदा मिळतो. पुढच्या प्रत्येक शीटमागे फायदा घटतो, वजन मात्र तेवढंच वाढतं. चार दरवाजे, छत, डिकी आणि मागच्या चाकांच्या कमानी मिळून 2 ते अडीच चौरस मीटर पुरतात. एका चौरस मीटरचं वजन साधारण 3 किलो धरा.

दरवाजापासून सुरुवात करा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून दहा मिनिटं थांबा. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका. डोअर पॅडचे, म्हणजे दरवाजाच्या आतल्या आवरणाचे, स्क्रू हँडलच्या झाकणामागे लपलेले असतात. बाकी पॅड क्लिपांवर बसलेलं असतं. जुन्या क्लिपा तुटतातच, त्यामुळे दहा-बारा नव्या जवळ ठेवा. आतली प्लॅस्टिक शीट न फाडता हळूहळू सोडवा. बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. थिनर वापरू नका, तो रंग सोडवतो. धूळ राहिली तर शीट आधी चिकटल्यासारखी वाटते आणि पुढच्या उन्हाळ्यात सुटते.

तळहाताएवढे तुकडे कापून आडव्या लोखंडी बीमच्या मागे सरकवा आणि फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर फिरवा. नक्षी उठून दिसत असेल तर दाब कमी पडलाय. हातमोजे घालाच, फॉइलची कड ब्लेडसारखी कापते. पॅड बसवण्याआधी बॅटरी जोडून काच दोनदा वर-खाली करून पहा.

सगळ्यात महाग पडणारी चूक पाण्याची. काचेच्या बाहेरच्या रबरातून पावसाचं पाणी दरवाजात शिरणारच, गाडी तशीच बनवलेली असते. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडतं, आणि प्लॅस्टिक शीट त्याला केबिनमध्ये येऊ देत नाही. भोकं शीटने बुजली तर दरवाजा आतून गंजतो. प्लॅस्टिक फाटलं तर कार्पेट भिजतं आणि पावसाळाभर कुबट वास येतो. तळाची 5 सेंमी पट्टी मोकळी सोडा. प्लॅस्टिक परत लावताना जुना चिकट थर कोरडा पडला असेल तर ब्युटाइलची दोरी वापरा. स्पंज किंवा ज्यूटचा नमदा दरवाजात अजिबात नको, तो पाणी धरून ठेवतो.

छतावर डॅम्पिंगचे मोजके तुकडे लावले की पावसाचा ताशा बराच मंदावतो. उष्णतेसाठी त्यावर 6 ते 10 मिमी क्लोज्ड-सेल फोम (बंद कप्प्यांचा, पाणी न शोषणारा) लागतो, आणि तो सलग असावा. पातळ ब्युटाइलने ऊन अडत नाही. फोमला फॉइल असेल तर ती लायनिंगकडच्या मोकळ्या हवेच्या बाजूला ठेवा. दोन थरांत दाबलेली फॉइल उष्णता परतवत नाही. छताच्या कडेला पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर त्या भागात काहीही चिकटवू नका. लायनिंग काढायला दोन माणसं लागतात, कारण एकदा मोडली की घडीची रेघ कायम राहते. एवढं करूनही भर उन्हात चार तास उभी गाडी तापणारच, काचांमधून येणारं ऊन फोमला दिसत नाही. फरक जाणवतो तो एसी लावल्यावर: डोक्यावरची धग कमी होते आणि केबिन लवकर थंड होते.

फरशीला हात घालण्याआधी टायरमधली हवा तपासा आणि दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद सहज निसटला तर तिथे रबर बदलायचंय, शीट लावून काही होणार नाही. त्यानंतरही टायरचा आवाज खुपत असेल तर फोमवर सुमारे 5 किलो प्रति चौरस मीटर वजनाचा जड व्हिनाइल लागतो, तोही सांधे बंद करून सलग. त्यासाठी सीट आणि कार्पेट काढावं लागतं. फरशीतल्या रबरी बुचांवर मात्र काही चिकटवू नका.

एका दरवाजाचं काम संपल्यावर काच बंद करून बाहेरच्या रबरावर मगभर पाणी ओता. ते सगळं दरवाजाच्या तळातून ठिबकलं आणि उंबरठा आतून कोरडा राहिला, तरच दुसरा दरवाजा खोलायला घ्या.