नेटबॉल विश्वचषक, केपटाऊन: तिकिटं मधल्या दिवसांची काढा

नेटबॉलचा विश्वचषक पाहायला जायचं ठरवलंत, तर तिकिटं काढताना फायनलपासून सुरुवात करू नका. २०२३ ची स्पर्धा केपटाऊनला जाऊन पाहिल्यापासून माझं हे मत ठाम झालंय.

ही स्पर्धा २८ जुलै ते ६ ऑगस्ट अशी चालली. आफ्रिका खंडातला हा पहिलाच नेटबॉल विश्वचषक. सोळा संघ, चार गट. प्रत्येक गटातले पहिले तीन संघ पुढे गेले, मग सहा-सहा संघांचे दोन गट झाले आणि त्यांतून दोन-दोनच सेमीफायनलला पोचले. खरी चुरस होती ती या दुसऱ्या फेरीत. यजमान दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंड यांची मॅच इथेच ४८-४८ अशी बरोबरीत सुटली, आणि ३ ऑगस्टला इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला ५६-५५ असं हरवलं. विश्वचषकात त्यांना ऑस्ट्रेलियाविरुद्ध मिळालेला हा पहिलाच विजय! त्यानंतर तीनच दिवसांनी फायनलला तेच दोन संघ समोरासमोर आले, तेव्हा ऑस्ट्रेलियाने ६१-४५ ने बारावं विजेतेपद नेलं. फायनलचा थाट मोठा, पण श्वास रोखून बघावी अशी मॅच आदल्या गुरुवारचीच.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. शक्य असेल तर गोलची रिंग असलेल्या खांबामागच्या टोकाची घ्या. टीव्हीवर चेंडू रिंगमध्ये पडताना दिसतो, तो तिथवर कसा पोचला ते दिसत नाही. जमैकाची तेव्हाची कर्णधार जॅनील फाउलर साडेसहा फुटांच्या आसपास उंच. ती गोलवर्तुळात, म्हणजे खांबासमोरच्या अर्धवर्तुळात, एक पाय रोवून उभी राहते, पाठीने बचावपटूला अडवून धरते आणि हात वर करते. लांबून आलेला पास दोघींच्या डोक्यांवरून नेमका त्या हातात. मग बचावपटूला तिच्या पायापासून ०.९ मीटर मागे हटावंच लागतं. तेवढ्या अंतरावरून एका पायावर तोल सांभाळत, कंबरेतून पुढे झुकून हात ताणायचा. तोल गेला की शिट्टी, आणि चूक करणारीने शॉट किंवा पास होईपर्यंत खेळाबाहेर शूटरच्या बाजूला उभं राहायचं. रिंग ३.०५ मीटर उंच, मागे बोर्ड नाही, त्यामुळे चेंडू आदळवून आत घालायची सोय नाही. शॉट फक्त गोल शूटर आणि गोल अटॅक या दोन जागांवरच्या खेळाडूंनीच मारायचा. चेंडू हातात तीन सेकंदच, ड्रिबल नाही. नवख्यांनी आधी खेळाडूंच्या बिबवरची, म्हणजे कपड्यांवर लावलेल्या पट्टीवरची, जागा सांगणारी अक्षरं पाठ करावीत. सातही जणींच्या हद्दी त्यावरून कळतात आणि मग मॅच फार पटकन उलगडते.

मॅच फोरशोर भागातल्या आंतरराष्ट्रीय कन्व्हेन्शन सेंटरमध्ये होत्या. राहायला चालत जाण्याइतकी जवळची जागा घ्या, थोडे जास्त रँड गेले तरी चालतील. स्पर्धेच्या शेवटच्या दिवसांतच मिनीबस टॅक्सीवाल्यांचा संप झाला, रस्ते अडले, सिटी बसचंही वेळापत्रक कोलमडलं. लांब राहणाऱ्यांचे हाल झाले. रात्री मात्र अंतर कमी असलं तरी एकट्याने चालू नका, ॲपवरून गाडी बोलवा. एरवी विमानतळावरून शहरातल्या सिव्हिक सेंटर स्थानकाला येणारी मायसिटी ही सिटी बस सोयीची आहे.

जुलै-ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा, तोही पावसाचा. वाऱ्यात छत्री टिकत नाही, टोपीचं जाकीट न्या. टेबल माउंटनची केबल कार याच सुमारास वार्षिक देखभालीसाठी बंद असते आणि वारा वाढला तर एरवीही थांबवतात, तेव्हा आकाश मोकळं दिसलं की त्याच दिवशी वर जा. सॉकेटमध्ये आपल्या गीझरचा असतो तसा मोठा तीन गोल पिनांचा प्लग बसतो. त्या वर्षी लोडशेडिंगही होतं, पॉवर बँक फार कामाला आली. व्हिसाचं आधी बघा. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून जाणार असाल तर लसीचा दाखलाही लागू शकतो.

भारताचा संघ नव्हता. आशियातून श्रीलंका आणि सिंगापूर होते. एखादा संघ आपला मानून बसलं की मजा वाढते. मी युगांडाचा धरला होता. त्यांनी पाचवा क्रमांक पटकावला, तोही दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून, आणि त्यांचे पाठीराखे पूर्ण मॅचभर गात होते.

पुढचा विश्वचषक २०२७ मध्ये सिडनीला आहे. यजमानांच्या मॅचची तिकिटं सगळ्यांत आधी संपतात, म्हणून ती आधी काढा, मग दुसऱ्या फेरीची, आणि पैसे उरले तर फायनलची.