आज रात्री साडेबाराला इंग्लंड

"चार हुतात्म्यांच्या गावात बसून साहेबाची टीम जिंकावी म्हणतेस व्हय गं?" आज सकाळी सोलापूरला काकांनी भर चहात विचारलं आणि घरभर हशा झाला. मीही हसले. पण दुपारपासून ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

तर आज 14 जुलै 2024. फुटबॉलच्या युरो कपची फायनल, बर्लिनला, स्पेन आणि इंग्लंड. आपल्याकडे रात्री साडेबारा. बुधवारी आषाढी, घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यात पाणी नेमकं आज रात्री सुटणार. घरात फायनलपेक्षा पाण्याचं टेन्शन जास्त आहे, आणि चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावात ते असणारच.

आधी काकांना उत्तर. क्रिकेटमध्ये माझं काहीएक बदललेलं नाही. 27 जूनला गयानात आपण इंग्लंडला 68 धावांनी लोळवलं, तेव्हा मी इंग्लंडात जिथं काम करते त्या बोल्टनच्या हॉस्पिटलात बर्फी मीच वाटली. दोन दिवसांनी बार्बाडोसला सात धावांनी टी-20 वर्ल्ड कप आला तेव्हा घरात एकटीच नाचले. पण फुटबॉलच्या वर्ल्ड कपमध्ये भारत एकदाही खेळलेला नाही. मग मी काय, बघायचंच नाही? इथं अर्धी गल्ली मेस्सीसाठी रात्री जागते, तेव्हा अर्जेंटिनाशी आपलं काय नातं ते कुणी विचारत नाही. मी जिथं पगार घेते, कर भरते, तिथल्या टीमचं नाव घेतलं की थेट इंग्रजांनी सोलापुरात लावलेला 1930 चा मार्शल लॉ निघतो!

आणि खरं कारण वेगळंच आहे. 2021 ची युरो फायनल लंडनच्या वेंबली मैदानावर इंग्लंडची इटलीविरुद्ध होती. दुसऱ्याच मिनिटाला इंग्लंडचा गोल, मग बरोबरी, मग पेनल्टी. इंग्लंडचे रॅशफोर्ड, सांचो, साका, तिघांच्या हुकल्या आणि इंग्लंड हरलं. तिघंही काळी पोरं. साका तर एकोणीस वर्षांचा. रात्रीतून त्यांना जे काही लिहिलं गेलं ते इथं देववत नाही. मँचेस्टरला विदिंग्टनमध्ये भिंतीवर रॅशफोर्डचं मोठं चित्र आहे, ते कुणीतरी विद्रूप केलं. मग लोकांनी ती सगळी जागा चिठ्ठ्यांनी, कागदी बदामांनी झाकून टाकली. मी बसनं जाऊन बघून आले. लहान मुलांच्या अक्षरात 'सॉरी' लिहिलेलं होतं. तेव्हापासून ही टीम माझी. हे चहाच्या कपावर काकांना कसं सांगायचं?

अर्थात त्याच दिवशी वेंबलीत बिनतिकिटाचे लोक अडथळे तोडून आत घुसले होते, तेही सांगायला हवं. आपल्या पार्क मैदानावर असं झालं असतं तर ते फोटो जगभर फिरले असते.

पण मला सांगायचंय ते इंग्रजांच्या भीतीबद्दल. माझी शेजारीण सत्तरीची आहे. 1966 ला इंग्लंडनं पश्चिम जर्मनीला 4-2 हरवलं तेव्हा ती शाळेत होती. त्यानंतर 58 वर्षं काही नाही. (बायकांनी 2022 ला युरो आणला, वेंबलीवर, तोही जर्मनीलाच हरवून. तो या हिशेबात कुणी धरत नाही आणि मला दर वेळी राग येतो.) तिला विचारलं, काय होईल? "हरणार." बसच्या ड्रायव्हरला विचारा, "हरणार." आमचे मोठे डॉक्टर, जे पेशंटला कधी वाईट बातमी सरळ सांगत नाहीत, तेही हसत "हरणार". त्यात बोल्टनची जखम ताजी: मे महिन्यात तिथला क्लब बोल्टन वाँडरर्स वेंबलीवर ऑक्सफर्डकडून 2-0 हरून वरच्या लीगला मुकले. सुरुवातीला मला वाटायचं, या लोकांना प्रेमच नाही टीमवर. मग लक्षात आलं, वर्गात पहिली येणारी मुलगी "पेपर अवघड गेला गं" म्हणत बाहेर पडायची ना, तेच हे. शेजारणीनं फायनलसाठी सॉसेज आणि बिअर बुधवारीच आणून ठेवलीय. झेंडा धुऊन इस्त्री केलाय. फक्त तोंडानं म्हणायचं नाही.

बरं, हे सगळे विज्ञाननिष्ठ लोक. आत्यानं परगावी निघताना हातावर दही ठेवलं तर मी त्यांना ते सांगताना ओशाळायचे. आता ऐका. बुधवारी सेमीफायनलला मी विमानात होते. इंग्लंडच्या वॉटकिन्सनं नव्वदी उलटल्यावर नेदरलँड्सला गोल मारला, तो मी पाहिलाच नाही. काल कामावरच्या मैत्रिणीचा मेसेज आला: रविवारी तू बघू नकोस, प्लीज. खाली हसणारा चेहरा वगैरे काही नाही. नवे पंतप्रधान स्टार्मर, त्यांना जिंकलो तर सुट्टी देणार का विचारलं, तर तेही नजर लागेल या भीतीनं धड काही बोलेनात. आणि इंग्लंडचा कॅप्टन हॅरी केन! बिचारा कुठलाच कप न जिंकलेला माणूस गेल्या वर्षी जर्मनीच्या बायर्न क्लबला गेला आणि ओळीनं अकरा वर्षं लीग जिंकणारं बायर्न त्या वर्षी लीग हरलं. आमच्या आत्यानं पांढऱ्या पायाचा म्हणून केव्हाच मोकळी झाली असती.

इथं मात्र भाकितांना तोटा नाही. भाचा म्हणतो स्पेन 3-1. त्याचं गणित पक्कं आहे: सहापैकी सहा मॅच जिंकल्या, इटली, जर्मनी, फ्रान्स तिघांना हरवलं. आत्याला स्पेनच्या यमालचा फोटो दाखवला, कालच सतरा पूर्ण झाले म्हटल्यावर ती म्हणाली, "लेकराचा वाढदिवस झालाय, त्यालाच जिंकू दे की." भाच्याचे मित्र मिसळीच्या पैजा लावतायत. कुणाच्याच पोटात गोळा नाही. माझ्या आहे, आणि तो इथं कुणाला दाखवता येत नाही, हे मला जरा टोचतंय खरं.

इंग्लंडचा कोच साउथगेट, त्याच्यावर याच स्पर्धेत, स्लोव्हेनियाशी 0-0 झाल्यावर, स्वतःच्याच लोकांनी बिअरचे ग्लास फेकले. आता तोच थोर. यात मात्र काकांनी फार हसू नये. हार्दिक पंड्याला वानखेडेवर एप्रिलमध्ये कोण हुर्यो करत होतं आणि 4 जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावानं कोण ओरडत होतं?

माझा अंदाज विचाराल तर स्पेन चांगली टीम आहे, वादच नाही. पण इंग्लंड बाद फेरीच्या तिन्ही मॅचमध्ये आधी मागे पडलं आणि तिन्ही जिंकलं. स्लोव्हाकियाविरुद्ध बेलिंगहॅमनं पंचाण्णव्या मिनिटाला उलटी किक मारली तेव्हा सामान बांधून झालं होतं यांचं. स्वित्झर्लंडविरुद्ध पाचच्या पाच पेनल्टी आत, त्यात साकाचीही. म्हणून 1-1, पेनल्टी, आणि शेवटची साकाची. मॅच बघणार आहे, भाच्याच्या शेजारी बसून. हे मराठीत लिहिलंय ते बरं, बोल्टनला कुणाला वाचता येणार नाही.